आत्याचा पाट आणि माझा दणकट स्पिंडल

माझ्या मुलीच्या रुखवतातली एकही वस्तू विकतची नसेल, असं मी साखरपुड्याच्या जेवणातच जाहीर करून टाकलं. श्रीखंड फार चांगलं झालं होतं, त्याला मी काय करू! दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या बंद बाल्कनीत माझं एक छोटं सीएनसी यंत्र आहे. कॉम्प्युटरवर मोर काढायचा, बटण दाबायचं, की यंत्र तो लाकडात कोरतं. दिवसभर सरकारी फायलींवर सह्या करणाऱ्या माणसाला आपल्या हातून काहीतरी घडल्याचा आनंद देणारी घरात तेवढी एकच वस्तू आहे. तर ठरलं! वरपक्षाच्या पंगतीला मोर कोरलेले शिसवी पाट!

"बाबा, पण तुमचा मागचा मोर कोंबडी झाला होता यार," अनुष्का म्हणाली. ती नवरी, म्हणून मी ऐकून घेतलं.

"तो दोष माझा नाही, स्पिंडलचा!"

स्पिंडल म्हणजे यंत्राची फिरणारी मोटर. तिच्या तोंडात कापायचं पातं बसतं. माझ्या स्पिंडलच्या तोंडात जेमतेम काडीएवढं पातं मावायचं. त्यानं पाट कोरायचे म्हणजे दातकोरण्यानं विहीर खणायची! त्या वेगानं हे पाट अनुष्काच्या मुलीच्या रुखवतात लागले असते. म्हणून मी बोटाएवढं जाड पातं धरणारा, चांगला दणकट स्पिंडल मागवला.

खोकं उघडल्यावर माझी बायको लता बघतच राहिली. "अहो, हे यंत्रावर बसवायचंय, की यंत्र ह्याच्यावर?"

नवा स्पिंडल भरल्या कुकरएवढा जड होता, हे खरं. वीज चालू असली की यंत्र त्याला वर नीट धरून ठेवायचं. वीज बंद केली की मात्र स्वारी आपल्याच वजनानं खाली घसरायची.

"मग वीज जाऊ द्यायची नाही! सिंपल!" मी म्हणालो. जन्म दिल्लीत काढलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

लग्नाच्या आधी साताऱ्याहून कुसुमावती आत्या आली. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. येताना तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून घरातला सागवानी पाट आणला होता. माझ्या वडिलांची मुंज त्याच पाटावर लागली, माझीही त्याच्यावरच. "रुखवतात मधोमध हा ठेवायचा," आत्या म्हणाली. "बाकी तुझे ते मशिनचे पाट आजूबाजूला."

नवा स्पिंडल पूजेशिवाय चालवायला तिचा सक्त विरोध होता. तिनं पाट थेट यंत्राच्या बैठकीवर, डाव्या कोपऱ्यात ठेवला. त्यावर तांदूळ, सुपारी. स्पिंडलला हळदकुंकू. पूजा झाली, मी पाट उचलायला गेलो, तर हातावर चापट बसली!

"उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचा नाही!"

"अगं आत्या, पण मला ट्रायल घ्यायचीय."

"मग घे की. एवढी जागा आहे बाजूला."

आमच्या घरात आत्याच्या शब्दापुढे जायची पद्धत नाही. मी उजव्या बाजूला प्लायचा तुकडा आवळला आणि बटण दाबलं. स्पिंडल असा काही गरजला की समोरच्या इमारतीतली कबुतरं उडाली! पण प्लाय कापायच्या ऐवजी जळायलाच लागला. काळा धूर बाल्कनीच्या खिडकीतून बाहेर निघाला.

आता हा नोव्हेंबर महिना. हवा आधीच इतकी घाण की सोसायटीत उदबत्ती लावायचीही चोरी. सेक्रेटरी त्यागीजी मास्क लावून, कोण काय जाळतंय ते बघत गस्तच घालत होते. खालून आवाज आला, "अविनाश जी! क्या जला रहे हो?"

"कुछ नहीं त्यागीजी! मोर है!"

"मोर जला रहे हो?!"

"अरे नहीं, काट रहा हूँ!"

हे वाक्य मी न बोलतो तर बरं झालं असतं. खाली चारपाच माणसं गोळा झाली. "राष्ट्रीय पक्षी है, कुछ तो शर्म करो!" कोणीतरी ओरडलं. त्यागीजींनी हुकूम सोडला, "मशीन बंद करो, अभी!"

"बस दो मिनट!" मी म्हणालो. दिल्लीत दो मिनट म्हणजे किती, हे त्यागीजींना चांगलं ठाऊक होतं. ते तरातरा मीटरच्या खोलीची चावी आणायला निघाले.

इकडे अनुष्कानं मोबाइलवर शोधून काढलं. "बाबा, तो उलटा फिरतोय! तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करा, बस!" मी केल्या. पुन्हा बटण दाबलं. आणि काय सांगू! लोण्यातून सुरी फिरावी तसं पातं फिरलं! मोराची मान, मोराचा तुरा, पिसारा! कोंबडीचा मागमूस नाही! लतानं चक्क माझं कौतुक केलं. त्या आनंदात मी स्पिंडल थांबवायचं विसरलो आणि परतीचं बटण दाबलं. स्पिंडल वर उचलला गेला आणि गरगरत आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभा राहिला. ठरलेली जागा म्हणजे डावा कोपरा.

त्याच क्षणी खाली त्यागीजींनी आमच्या मीटरचा खटका पाडला.

वीज गेली. स्पिंडल गरगरतच होता, आणि त्याला धरणारं आता कोणी नव्हतं. भरला कुकर शांतपणे खाली उतरला. सुपारीला त्यानं धक्कासुद्धा लावला नाही. तिच्या बाजूनं पाटातून थेट आरपार गेला!

आत्यानं पाट उचलला आणि भोकात बोट घालून बघितलं. वडिलांच्या मुंजीचा पाट माझ्या हातून गेला होता, आणि मला खरोखरच रडू आलं. पुढे लग्नापर्यंत मी यंत्राकडे फिरकलो नाही. पंगतीचे पाट बाजारातून आले, विकतचे.

रुखवत मांडताना मात्र आत्यानं तोच भोकाचा पाट मधोमध ठेवला. गाझियाबादच्या विहीणबाई, म्हणजे नवरदेव धवलची आई, एकेक वस्तू बघत तिथे येऊन थांबल्या. "बुआजी, ये छेद किसलिए?"

आत्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पदर सावरून आपल्या सातारी हिंदीत ठणकावलं, "इसमें से नजर निकल जाती है. हमारे में ऐसाच रहता है. भाई के लड़के ने खुद अपने हाथ से किया है."

"अच्छा!" विहीणबाईंनी भोकाला हात लावून नमस्कार केला. "कितना सोचते हैं आप लोग!"

ही गोष्ट मंडपात बसलेल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनीही ऐकली. आता मयूर विहारात लग्न निघालं की कोणी ना कोणी काखेत पाट मारून माझ्या दारात उभं असतं. मी प्रत्येकाला मोर दाखवतो, पिसारा दाखवतो. "मोर नको हो," ते म्हणतात, "तेवढं भोक पाडून द्या. आणि मधोमध नको बरं का! थोडं बाजूला, तुमच्याकडे आहे तसं."