रस्ता बंद, पाहुणे सुखरूप

ज्या संकटाबद्दल निवेदन निघालेलं नाही, ते संकट अजून आलेलं नाही. साराझार जिल्ह्याचा आपत्ती विभाग या एका तत्त्वावर वर्षानुवर्षं उभा आहे. आणि ज्या माळावर वारा उभ्या माणसाला आडवा करतो, तिथे काहीही वर्षानुवर्षं उभं असणं ही कौतुकाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

विभागाची निवेदनं ओमिरझाक लिहीत असे. दर तीन तासांनी एक. ते जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर एकाच क्षणी टिंग करून पोचे. हिमवादळाला तीन रंग ठरवून दिलेले होते. पिवळा म्हणजे घाबरण्याचं कारण नाही. नारिंगी म्हणजे घाबरण्याचं कारण नाही, असं वरिष्ठांना कळवलं आहे. लाल म्हणजे वरिष्ठ फोन उचलत नाहीत.

सांगण्यासारखं नवीन काही नसेल तर जुनंच नव्या शब्दांत सांगावं, असा विभागप्रमुखांचा दंडक होता. त्यामुळे सकाळी 'बर्फ पडत आहे' असेल, तर दुपारी 'हिमवृष्टी सुरू आहे' आणि संध्याकाळी 'हिमवृष्टी थांबल्याचे वृत्त नाही'. विभागाने केलेल्या पाहणीत अठ्ठ्याण्णव टक्के नागरिकांनी ही निवेदनं अत्यंत उपयुक्त असल्याचं सांगितलं. (उरलेल्या दोन टक्क्यांकडे त्या दिवशी वीज नव्हती.) उपयोग नेमका कोणाला झाला, हा प्रश्न पाहणीत नव्हता.

फेब्रुवारीत ओमिरझाकच्या मुलीला, मोल्दिरला, कानातले घालायला व्याही येणार होते. कानातले घातले की मुलगी ठरली. लग्नाची तारीख मात्र मुलाच्या आजोबांनी, काबदेश आजोबांनी सांगायची, तीही निघताना, उंबऱ्यावर उभं राहून. त्यांच्या घराण्याची तशी रीतच होती. पाहुणे निघाल्याशिवाय तारीख नाही, हे वाचकांनी इथेच लक्षात ठेवावं. ओमिरझाकला ते पुढचे चार दिवस क्षणभरही विसरता आलं नाही.

व्याही वादळाच्या तोंडावर आले आणि वेळेवर आले. कारण मुलाचा काका येरगाझी हा त्या रस्त्यावरचा बर्फ लोटणारा सरकारी ट्रॅक्टर चालवायचा. पुतण्याच्या शुभकार्यासाठी त्याने रजा काढली होती आणि ट्रॅक्टर सोबत आणला होता. सगळं वऱ्हाड त्याच्यामागून ओळीने आलं. ट्रॅक्टर ओमिरझाकच्या फाटकाला टेकला, कानातले घातले गेले, मेंढा कापला गेला, त्याचं शिजवलेलं डोकं मानाचं म्हणून काबदेश आजोबांसमोर ठेवलं गेलं आणि रस्ता बंद झाला.

"व्याहीबुवा, तुमचा रस्ता काय म्हणतोय?" दुसऱ्या दिवशी काबदेश आजोबांनी विचारलं.

"बंद आहे, आजोबा."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो." आणि त्याच वेळी सगळ्यांचे फोन टिंग झाले.

"बघा, सरकारपण हेच म्हणतंय," आजोबा खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी लोडाला पाठ टेकली.

व्याह्यांना शिळं वाढत नाहीत. दुसरा मेंढा वादळामुळे कापला गेला. तिसरा कापला गेला, कारण दुसरा फार चांगला झाला होता. जेवणानंतर येरगाझी दोंब्र्याच्या दोन तारा छेडायचा आणि पुतण्या नाचायचा. आजोबा त्यांच्या तरुणपणीच्या हिवाळ्यांबद्दल सांगायचे. त्या हिवाळ्यांपुढे हा हिवाळा म्हणजे वसंत होता. घरात एवढं हसू होतं की छपरावरचा बर्फ घसरला. (नोंद: हानी नाही.)

ओमिरझाकला निवेदनं लिहायला गोठ्याशिवाय जागा उरली नव्हती. तिथे झोरका गाय होती. तो लिहायचा, ती रवंथ करायची. दोघांच्या कामात फारसा फरक नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं झालं. वारा पडला. विभागप्रमुखांचा फोन आला.

"रस्ता अजून बंद का?"

"ट्रॅक्टर फिरल्याशिवाय उघडा म्हणता येत नाही, साहेब."

"मग ट्रॅक्टर कुठे आहे?"

ओमिरझाकने गोठ्याच्या फटीतून पाहिलं. ट्रॅक्टर तीन पावलांवर होता, आणि त्याच्यावर शेजारच्या कोंबड्या बसल्या होत्या. "ट्रॅक्टर मानवी वस्तीच्या सेवेत आहे, साहेब," तो म्हणाला.

"छान. तसंच लिहा."

येरगाझीला सरळ सांगणं शक्य नव्हतं. पाहुण्याला ऊठ म्हणणं म्हणजे मुलीच्या कानातले परत करण्यासारखं. तरी ओमिरझाकने चहा ओतता ओतता, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं म्हटलं, "हवा छान उघडलीये. कोणी रस्ता मोकळा केला असता तर..."

"केला असता हो," येरगाझी हळहळला. "पण बंद रस्त्यावर वाहन न्यायला मनाई आहे. तुम्हीच लिहिलंय, व्याहीबुवा. तीन दिवसांत चोवीस वेळा. माझ्या फोनमध्ये आहे."

"तुझा काका मोठा काटेकोर माणूस," काबदेश आजोबांनी नातवाला सांगितलं. "शीक काहीतरी."

ओमिरझाक बाहेर आला, तर गोठ्याच्या दाराशी कुल्याश, त्याची बायको, दोर घेऊन उभी होती.

"मेंढ्या संपल्या," ती म्हणाली. "आता एक तर झोरका, नाहीतर तुम्ही. झोरका दूध देते."

"ती गाभण आहे गं!"

"म्हणूनच मी आधी तुमचा विचार करतेय."

ओमिरझाक गायीच्या बाजूला बसला आणि त्याने कारकिर्दीतलं सर्वांत धाडसी निवेदन लिहिलं. जे यजमान बोलू शकत नाही ते सरकार बोलू शकतं, हा त्यामागचा विचार होता. 'हवामान निवळले आहे. अनेक दिवस एकाच घरी मुक्काम असलेल्या पाहुण्यांनी यजमानाच्या पशुधनाचा विचार करून स्वतःहून निघण्याची तयारी करावी. रस्ते मोकळे करण्याचे कौशल्य असलेल्या पाहुण्यांनी प्रथम निघावे.'

टिंग. आजोबांचा चष्मा सापडेना, म्हणून मोल्दिरने मोठ्याने वाचलं. ओमिरझाक दाराआड कान देऊन उभा राहिला.



"वा!" काबदेश आजोबांनी मांडीवर थाप मारली. "कोणीतरी बोलायलाच हवं होतं! तो आमचा बेक्झात आठवतो? गेल्या हिवाळ्यात माझ्या घरी आला तो घोडी विऊन शिंगरू उभं राहीपर्यंत बसला. पाठव गं पोरी, त्याला पाठव."

"आणि ते ट्रॅक्टरवालं?" येरगाझी हसत हसत डोळे पुसू लागला. "ते उत्तरेकडच्या रस्त्यावरच्या बाखितसाठी आहे, पैज लावतो. जाईल तिथे ठाण मांडतो मेला! त्यालाही पाठव."

जिल्हाभर असंच झालं. ते निवेदन साऱ्या पाहुण्यांनी साऱ्या पाहुण्यांना पाठवलं. विभागाच्या इतिहासात एवढा प्रतिसाद कशालाच मिळाला नव्हता. जागेवरून कोणी हललं नाही, ही वेगळी बाब. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं आणि तेच पुन्हा, नव्या शब्दांत, पाठवायला सांगितलं.

कुल्याशने झोरकाच्या गळ्यात दोर टाकला. तेवढ्यात मोल्दिर गोठ्यात आली.

"बाबा, तुम्ही उगाच रागावून लिहिता."

"यात राग कुठे आहे? हे नियमात बसवलेलं आहे."

"राग कोणालाच आपल्यावरचा वाटत नाही. कौतुक करून बघा. नाव घालू नका हं."

ओमिरझाकने आजवर घडून गेलेलंच लिहिलं होतं, आणि तेही शक्यतो उशिरा. घडायच्या आधी लिहायचं म्हणजे सगळ्या नोकरीवर पाणी. त्याने झोरकाकडे पाहिलं. झोरकाने दोराकडे पाहिलं. त्याने लिहिलं:

'जिल्ह्यातील एका निष्णात व निर्भय चालकाने रजेवर असतानाही कर्तव्यास प्राधान्य देऊन रस्ता मोकळा करण्यास घेतला आहे. विभागाला त्यांचा अभिमान वाटतो. नागरिकांनी पुढील निवेदनापर्यंत घरीच थांबावे.'

टिंग.

मोल्दिरने पुन्हा मोठ्याने वाचलं. येरगाझीने घास खाली ठेवला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"नाव तर नाहीये, काका," मोल्दिर म्हणाली.

"निष्णात. निर्भय. रजेवर. आणखी नाव कशाला हवं?" तो उभा राहून टोपी शोधू लागला. "व्याहीबुवा, माफ करा, बसवत नाही हो. सरकारने छापलंय की मी रस्त्यावर आहे, आणि मी इथे चरबी चाटतोय! सरकार खोटं पडेल."

"पण बंद रस्त्यावर वाहन..." ओमिरझाकच्या तोंडून सवयीने निघून गेलं. कुल्याशने त्याच्या पायावर पाय दिला.

"बंद कसला? मी उघडतोय ना!" येरगाझी गरजला. कोंबड्या उडाल्या, ट्रॅक्टर धडाडला आणि सगळं वऱ्हाड आपापल्या गाड्यांकडे पळालं. एवढ्या मोठ्या माणसाच्या मागून जायची संधी कोण सोडणार?

काबदेश आजोबा उंबऱ्यावर थांबले. मोल्दिरने कानातल्याला हात लावला. कुल्याशच्या हातात दोर अजून तसाच होता.

"लग्न येत्या हिवाळ्यात," आजोबा म्हणाले. "पहिलं मोठं वादळ येईल त्या आठवड्यात. तेव्हा रस्ते बंद असतात, घाईने उठावं लागत नाही. येरगाझीही रजा काढेल."

मोल्दिर एवढी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. कुल्याश त्याच संध्याकाळी मेंढ्यांची चौकशी करायला शेजारी गेली. ओमिरझाकने गोठ्यात बसून पुढचं निवेदन लिहिलं, 'रस्ता खुला. पाहुणे सुखरूप', आणि झोरकाला वाचून दाखवलं.

त्या वर्षी निष्णात व निर्भय चालकाच्या सत्कारासाठी विभागाकडे एकेचाळीस अर्ज आले. जिल्ह्यात बर्फ लोटणारे ट्रॅक्टर तीन आहेत. यजमानाच्या पशुधनाचा विचार न करणाऱ्या पाहुण्यांपैकी मात्र एकानेही अर्ज केला नाही, म्हणजे असा पाहुणा जिल्ह्यात नाही, हे आता अधिकृत झालं आहे.

ही हकीकत वाचताना आपल्या ओळखीतला कोणी बेक्झात किंवा बाखित आठवून जे हसले, त्यांनी ती त्याला अवश्य पाठवावी. आणि ज्या मोजक्या चाणाक्ष वाचकांनी यातला टोमणा स्वतःला लावून घेतला, त्यांचा विभागाला अभिमान वाटतो.

(टोपी शोधू नका. बसा. तुमचं नाव घेतलेलं नाही.)