दत्तूअण्णांचे अकरा पाट

काही वर्षं भारताचा क्रिकेट संघ पेणमधून चालत होता. तुम्हाला हे ठाऊक नसेल. संघालाही ठाऊक नव्हतं. पण दत्तूअण्णांना ठाऊक होतं आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

अण्णांचा गणपतीचा कारखाना आमच्या घराला लागून. मी एरवी पापड करते, पण पावसाळ्यात पापड वाळवायचे कुठे, माझ्या डोक्यावर? म्हणून त्या दिवसांत मी अण्णांकडे रंगकामाला जायची. म्हणायचं आपलं रंगकाम. खरं तर मी फिल्डर हलवायची.

आमच्याकडे गिऱ्हाईक मूर्ती सांगायला येतं ते घरचा पाट घेऊन. पाटावर नाव लिहायचं आणि त्याच पाटावर मूर्ती बसवायची. मॅच असली की अण्णा फूटभर मूर्तींचे अकरा पाट मधल्या मोकळ्या जागेत मांडायचे. खिडकीत ट्रान्झिस्टर. मधोमध एक फळी, ती पिच.

"अहो अण्णा, देव आहे तो!" मी पहिल्या वर्षी म्हटलं.

"डोळे उघडले की देव गो. तवर खेळाडू."

डोळ्यांची आखणी अण्णा स्वतः करायचे आणि ती अगदी शेवटी. त्यामुळे श्रावणभर खेळाडूंचा तुटवडा नव्हता. आपली बॅटिंग असली की पाट भिंतीला जायचे आणि अण्णा कामाला लागायचे. म्हणून आपले लोक लवकर आउट झाले की मला देशापेक्षा गिऱ्हाइकांची जास्त काळजी वाटायची.

"माणूस बघून फिल्ड लावायची, पुस्तक बघून नाय!" हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं असं, की बॉलरला मार पडला तर कप्तानानं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. अण्णा खरंच उठून जायचे आणि बॉलरच्या जागी मांडलेल्या ठाकुरांच्या पाटावरच्या मूर्तीच्या खांद्यावर हात ठेवायचे. रंग ओला. पाचही बोटं उमटायची. एका वर्षी आपल्या बॉलरांना इतका मार पडला, की ठाकुरांचा खांदा मी सहा वेळा रंगवला.

एकदा गडब गावचे म्हात्रे आपली मूर्ती कुठवर आली ते बघायला आले. एक चप्पल काढली, दुसरी पायातच होती, तेवढ्यात अण्णा कडाडले, "त्या म्हात्र्याला काढ तिथनं! सकाळपासनं नुसता उभा हाय. ऐदी मेला! बाउंड्रीवर धाड त्याला!"

म्हात्रे दारात पांढरेफटक. "मी काय केलं?"

"तुम्ही नाय हो, तुमचा पाट."

"माझ्या पाटानं काय केलं?"

समजूत घालायला वेळ कुठला! मी पाट उचलून पार रंगाच्या डब्यांपाशी ठेवला आणि तिसऱ्याच बॉलला बाउंड्रीवर कॅच! अण्णांनी म्हात्र्यांना कडकडून मिठी मारली. म्हात्रे गडबला जाऊन काय बोलले देव जाणे, पण पुढच्या वर्षी तिकडून तिघे जण पाट घेऊन आले ते "आमचा बाउंड्रीला लावा" असं सांगतच.

पण एक बारावा पाट होता. तो कधी मैदानात उतरला नाही. सागवानी, वार्निश मारलेला, ट्रान्झिस्टरच्या शेजारी. त्यावरच्या मूर्तीचे डोळे अण्णा सगळ्यात आधी आखायचे, म्हणजे तिला कुणी खेळायला घ्यायला नको. पाटावर नाव होतं मधूचं.

मधू म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत लागला, तिथल्याच अष्टमी गावात घर बांधलं आणि नव्या घरच्या गणपतीसाठी हा पाट अण्णांकडे देऊन गेला. तेवढ्यात रोह्याला, कापणी झालेल्या शेतात, टेनिस बॉलची फायनल झाली. कप्तान अण्णा, आणि शेवटी बॅटिंगला अण्णा नि मधूच. शेवटचा बॉल, बरोबरीलाच दोन रन हवे. दुसऱ्या रनला अण्णांनीच "ये" म्हटलं आणि अर्ध्यात थांबले. मधू धावतच राहिला आणि रन आउट झाला. वर अण्णा माइकवरून सगळ्या गावासमोर म्हणाले, "मधूला कॉल कळत नाय, म्हणून हरलो."

त्यानंतर मधू पेणला फिरकला नाही. आठ वर्षं अण्णा त्या पाटावर मूर्ती करायचे आणि वाट बघायचे. हरताळकेच्या संध्याकाळी ती मूर्ती कुणा उशिरा आलेल्याला दुसऱ्या पाटावर द्यायचे आणि मधूचा पाट पुसून माळ्यावर ठेवायचे. त्या संध्याकाळी ते जेवायचे नाहीत. बायकांचा उपास असतो, तो मीही करतो म्हणायचे.

मग एका वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी आपण हरलो. रेडिओवर सांगितलं, की कप्तानानं बॉलरांना दोष दिला. अण्णांनी रंगाचा डबाच आपटला. "हा कप्तान? हरल्यावर कप्तानानं पहिलं म्हणायचं, चूक माझी! एवढं नाय जमत तर टोपी कशाला घालतो?"

माझी जीभ मेली जागेवर राहत नाही. म्हटलं, "आणि रोह्याला तुम्ही म्हणालात का?"

अण्णांनी ट्रान्झिस्टर बंद केला. मला वाटलं, झालं, माझी नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी हरताळका. कारखान्यात ही गर्दी! आणि अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. म्हात्र्यांना गल्ल्यावर बसवलं, "आज कप्तान तुम्ही," आणि मला म्हणाले, "चल गो. मला एकट्याला नाय जमायचं."

टेम्पोत मधूची मूर्ती अण्णांच्या मांडीवर, तिच्या तोंडावर रुमाल. गडब गेलं, नागोठणं गेलं, अण्णा आपले ओठ हलवत पाठ करतायत. अष्टमी गावात पोचलो, दार उघडलं ते मधूनंच, शिफ्टला निघालेला, हातात डबा. अण्णा पाठ केलेलं सगळं विसरले.

"मिडविकेटचा तो पोरगा डावरा होता…" असं काहीतरी सुरू केलं आणि थांबले. "मधू, कॉल माझा होता. मी भ्यायलो. तुझी चूक नव्हती."

मधूनं मूर्तीकडे पाहिलं, मग पाटाकडे. "ह्याला वार्निश कुणी मारलं?"

"दरसाल मीच."

मधूनं हातातला डबा खाली ठेवला. "आठ वर्षं लागली व्हय रं दादा, एक रन काढायला? आत ये. आज जात नाय मी शिफ्टला."

परतताना टेम्पोवाल्यानं रेडिओ लावला. बातम्यांत पुन्हा तोच कप्तान, पुन्हा तेच बॉलर. आता शिव्या सुरू होणार म्हणून मी सावरून बसले.

अण्णा मोकळ्या मांडीवर हात ठेवून बसले होते. "जाऊ दे गो," ते म्हणाले, "पोरगा हाय अजून. त्याला वेळ लागल."