पेशंटाक इचार

आमच्या बिल्डिंगमधल्या जवळजवळ प्रत्येकाचं मांडीचं हाड एकदा तरी मोडलेलं आहे. माझं दोनदा. तळमजल्यावरच्या शिरोडकरांना मणक्याचा त्रास आहे, पेडणेकर वहिनींना हार्ट अटॅक, आणि त्यांच्या यजमानांना, ते स्वभावानेच गरीब असल्यामुळे, साधा ताप. हे सगळे आजार आम्हाला परब मास्तरांनी दिलेले आहेत.

परब मास्तर म्हणजे लालबागच्या आमच्या मंडळाच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर. आयुष्यभर सरकारी अँब्युलन्स चालवून निवृत्त झाले आणि सत्काराचा नारळ घरी ठेवून थेट मंडळाच्या गाडीवर येऊन बसले. आता वय झालं. लायसन्सची मुदत दिवाळीला संपत होती आणि डॉक्टर पुढचं सर्टिफिकेट द्यायला तयार नव्हता. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दळवी यांनी सांगून टाकलं, “मास्तर, दिवाळीपर्यंत एक तरी ड्रायव्हर तयार करा. नाहीतर गाडी विकून टाकू.”

यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. लायसन्स, बॅज, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट, ऑक्सिजनचा सिलिंडर जोडता येणं, एवढं असलं की सरकारचं समाधान होतं. मास्तरांचं त्याच्यापुढे सुरू होतं. त्यांचा पहिला नियम असा, की शिकाऊ ड्रायव्हरने आठवडाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मागे स्ट्रेचरवर आडवं पडायचं आणि मास्तर गाडी चालवतील तशी ती पाठीवर झेलायची. “गाडी रस्त्यार चालना नाय, पेशंटाच्या पाठीर चालता,” हे त्यांचं वाक्य. ते मूळचे मालवणकडचे. मुंबईत उभा जन्म गेला, पण भाषा अजून गावीच राहते.

आठवडा संपला की शिकाऊ पुढे येई आणि स्ट्रेचर रिकामं होई. मग बिल्डिंगमध्ये पेशंटची भरती सुरू. मी एकदा दूध आणायला खाली उतरलो, तर मास्तरांनी मला पिशवीसकट स्ट्रेचरवर घेतलं. “तुझा मांडयेचा हाड मोडला हा,” त्यांनी निदान सांगितलं. मला हसू आलं. तसे ते खवळले, “हसतंस काय मेल्या? हाड मोडलेलो माणूस हसणा नाय!” पेडणेकर वहिनींनी मात्र फ्रॅक्चर साफ नाकारलं. “उद्या सगळे मला लंगडी म्हणतील. हार्ट अटॅक असेल तर बघा. आमच्या माहेरी सगळ्यांना मोठेच आजार होतात.” मास्तरांनी नाइलाजाने दिला.

फेरी संपली की मास्तर ड्रायव्हरचं एक अक्षर ऐकून घेत नसत. “मास्तर, मस्त चालवली ना?” असं त्याने विचारलं, की उत्तर ठरलेलं. “माका काय इचारतंस? पेशंटाक इचार.” मग पेशंटने दहापैकी मार्क द्यायचे. या पद्धतीत थोडे दोष होते. आपल्या खिडकीखाली बाईक लावणाऱ्या पोराला शिरोडकरांनी शून्य दिलं. दुसऱ्या एकाने फेरीच्या आधी बिल्डिंगभर बटाटेवडे वाटले आणि त्याला सगळ्यांनी दहा दिले. मास्तरांनी वास घेतला आणि त्याला त्याच दिवशी घालवलं.

रस्त्यातल्या खड्ड्यांना आणि गतिरोधकांना त्यांनी नातेवाइकांची नावं ठेवली होती. हिंदमाताच्या पुलाखालचा उंचवटा म्हणजे थोरला साडू. “दिसणा नाय, पण लागता.” त्याच्यापुढचे छोटे छोटे सलग उंचवटे म्हणजे मेहुण्या. वडाळ्याच्या वळणावरचा खोल खड्डा म्हणजे सासरे. त्यांना मात्र मान देऊन, बाजूने जायचं.

असे किती आले नि गेले. हायवेवर कंटेनर चालवलेला एक गडी “आपुन डोळे झाकून चालवतो” म्हणाला, त्याला मास्तरांनी डोळे उघडे ठेवून घरी जायला सांगितलं. एकजण सिग्नल सुटायच्या आत सायरन वाजवायचा. एकाने तर पेशंट म्हणून झोपलेल्या मलाच विचारलं, “अंकल, शॉर्टकट मारू का?” सगळे नापास. दिवाळी जवळ येत चालली, दळवी दात-ओठ खायला लागले. आम्ही आपसात म्हणायचो, म्हाताऱ्याला खुर्ची सोडवत नाही.

तसं म्हणायला कारणही होतं. मंगलकाकी, म्हणजे मास्तरांची बायको, पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना दर बुधवारी वडाळ्याच्या इस्पितळात न्यावं लागे. त्या दिवशी मास्तर कोणा शिकाऊला गाडीच्या जवळही फिरकू देत नसत. काकी मागे स्ट्रेचरवर, सोबतीला माझ्यासारखा कुणीतरी शेजारी, आणि मास्तर पुढे. ड्रायव्हरच्या मागे काचेची एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून एकदा “आई गं” ऐकू आलं, की मास्तर पुढचा सगळा रस्ता स्वतःला शिव्या घालत.

अशात रेश्मा आली. वडाळ्याला शाळेची व्हॅन चालवायची, आवाज खणखणीत. स्ट्रेचरवर पहिल्याच दिवशी घोरायला लागली. मास्तरांनी उठवलं, तर म्हणाली, “एवढी छान चालवता, मग झोप नाही येणार?” मास्तर दुसरीकडे बघू लागले. कौतुक झालं की ते नेहमी तसंच करत.

ती पुढे बसली तेव्हा खरी जुगलबंदी सुरू झाली. “मास्तर, हळू चालवली की म्हणता पेशंट जाईल. जोरात चालवली की म्हणता गेला! नक्की करायचं काय?”

“पेशंटाक इचार.”

“अहो, पण पेशंट जिवंत पाहिजे ना सांगायला!”

मास्तरांना कुणी उलट बोललेलं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. शिरोडकर तर खास ते ऐकायला रोज आपला मणका घेऊन हजर राहायला लागले. बटाटेवड्यांचा दिवस सोडला, तर आजवर त्यांनी कुणाला चारच्या वर मार्क दिले नव्हते. एका फेरीनंतर मास्तरांनी मागचं दार उघडलं, तर शिरोडकर गाढ झोपलेले. हलवून जागं केलं. “आलं इस्पितळ?” असं विचारून त्यांनी दहा दिले आणि पुन्हा डोळे मिटले.

दळवींनी पेढे मागवले. मास्तर म्हणाले, “थांबा. एक परीक्षा रवली हा.”

“आता कसली परीक्षा?” दळवी ओरडले. “दिवाळी चार दिवसांवर आलीय! काढू का गाडी विकायला?”

मास्तर जिना चढून गेले.

बुधवार आला. काकींना खाली आणलं. त्यांनी हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेली ठेवणीतली साडी नेसली होती. इस्पितळात जाताना एरवी त्या गाऊनवर असत. सोबतीला मी होतो. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, हातात दोनदा फिरवली आणि रेश्माला दिली. ती गुपचूप पुढे जाऊन बसली. आता मास्तर तिच्या शेजारी बसून वाटभर तिचं डोकं खाणार, याची आम्हाला खात्री होती.

मास्तर मागच्या दाराने आत चढले. मला सरकायला लावून काकींच्या उशाशी बसले.

“तुमी हंय कशे?” काकींनी विचारलं.

“जागा होती,” मास्तर म्हणाले.

गाडी निघाली. काकी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. “आजारी पडल्यापासून गाडयेत तुमची मानच बघीत इलंय. मानेर पांढरे केस कधी इले, ता सुदा सांगान. तोंड आज बघतंय.”

मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्ची सोडायलाच तर हा माणूस इतके दिवस धडपडत होता. काकी मागे कण्हत असताना त्यांच्याजवळ बसता यावं, आणि पुढच्या हातांची काळजी वाटू नये, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही मात्र त्याला हट्टी म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं.

हिंदमाता गेलं. थोरले साडू कधी येऊन गेले ते कळलंही नाही. मास्तरांनी एकदासुद्धा खिडकीतून पुढे पाहिलं नाही. काकी गावच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होत्या आणि मास्तर ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

इस्पितळाच्या दारात गाडी थांबली. रेश्माने मागचं दार उघडलं. कपाळावर घाम. “मास्तर, पास की नापास?”

“माका काय इचारतंस? पेशंटाक इचार.”

रेश्माने काकींकडे पाहिलं. काकींनी इस्पितळाकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या हाताकडे.

“तसा कळाचा नाय गो बाय,” त्या म्हणाल्या. “आणखी एक फेरी मार, मगे सांगतंय.”

“अहो काकी, डॉक्टर थांबलेत!”

मास्तरांनी हात सोडला नव्हता. “थांबतले,” ते म्हणाले. “दार लाव.”