दोन बोटं सैल

आईची अट एकच होती. भिंगरीचा गेमिंगचा कॉम्प्युटर शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामधल्या फटीत मावला तर राहील, नाहीतर आल्या पावली दुकानात परत जाईल.

आतले सगळे भाग ठरले होते, अडलं होतं ते फक्त त्यांना पोटात घेणारं कॅबिनेट. भिंगरी महिनाभर स्थळं पाहावीत तशी कॅबिनेटं पाहत होती. एक फार उंच, एक अंगाने आडवं, एक नाकीडोळी नीटस पण काचच नाही. म्हणजे आतली रोषणाई काय मुंग्यांसाठी? तिला हवं होतं ठेंगणं-ठुसकं आणि काचेच्या अंगाचं.

"फट मी मोजते," आई म्हणाली. "टेपला तुझा हात लागला की तो खोटं बोलतो."

आई बाहेरच्या खोलीत बायकांचे कपडे शिवायची, आणि तिच्या हातचा कपडा कधी परत आला नव्हता. त्यामुळे दुकानदाराने "माप नक्की ना?" असं विचारल्यावर भिंगरीने नुसतं "आईने घेतलंय" म्हटलं, तेही अशा थाटात की तो बिचारा मुकाट जोडणीला लागला.

घरी आणलेलं कॅबिनेट फटीत शिरेना. सरळ घातलं, तिरकं घातलं, श्वास रोखूनही घातलं. कपाटापलीकडे भिंत होती, आणि मशीन हलवायचं नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती.

"आई, माप चुकलंय."

आईची कात्री थांबली. तिने गळ्यातला टेप काढून फट पुन्हा मोजली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "बरोबर तर आहे. एवढी फट, वर दोन बोटं सैल."

"सैल कशाला?"

"मग? घट्ट माप कोण देतं? उठता-बसता उसवलं असतं."

"आई, फट उठत-बसत नाही गं."

आईने टेप पुन्हा गळ्यात अडकवला. मग तिने कॅबिनेट बाजूंनी थोडं आत घेता येईल का, असं चाचपून पाहिलं. काच आहे म्हटल्यावर म्हणाली, "अट ती अट. उद्या परत."

निदान एकदा चालू तर करावं म्हणून भिंगरीने ते कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलं, जवळ मॉनिटर मांडला आणि खेळ लावला. पंखे फिरले, आतले दिवे उजळले आणि काचेतून लख्ख पांढरा उजेड मशीनवर पडला. दुपारपासून सुईशी झटापट करणाऱ्या आईचा काळा दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला. तिने खुर्ची तेवढी जवळ ओढली.

सकाळी भिंगरी पडेल चेहऱ्याने कॅबिनेट खोक्यात घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"परत द्यायला. फटीत मावत नाही ना."

"एवढी चांगली वस्तू फटीत कोंबायची? ठेव टेबलावर."

त्या दिवसापासून भिंगरीचे हाल सुरू झाले. खेळ लावला की दिवे जास्त उजळतात, हे आईने हेरलं होतं. परवा परीक्षा तोंडावर आली म्हणून भिंगरी पुस्तक घेऊन बसली, तर बाहेरून हाक आली.

"अगं, अभ्यास काय पळून जातोय? आधी खेळायला बस. मला काळ्यावर काळी शिवण घालायचीय."