घरची आत्या

आमच्या शेजारचे शिवलिंगअप्पा टीव्हीवरचा विनोद कापडासारखा तपासतात. एखादा विनोद झाला, सगळे हसले, की अप्पा अंगठ्यावर बोट चोळतात, जणू पोतच बघून राहिलेत, आणि निकाल देतात. "कच्चा रंग. एका धुण्यात जाईल." नाहीतर, "ह्यो बरा हाय, सनासुदीला चालंल." अगदीच आवडला तर, "घडी मोडू नका, ठिवा." हे असं वर्षातून एखादवेळी होतं.

पण पडद्यावर एखादा बाप्या साडी नेसून, ओठ रंगवून, कंबर हलवत आला, की अप्पा उठून टीव्हीच्या पुढंच उभे राहतात. माणूस उंचापुरा, कपाळाला विभूती, मागचं काही म्हणजे काही दिसत नाही.

"अप्पा, बाजूला व्हा की!" मी ओरडते. आमचा टीव्ही बिघडलाय, म्हणून मी रोज त्यांच्याकडंच असते.

"काय बघायचं हाय अक्का? निऱ्या बघा त्याच्या, चार बी न्हाईत! पदर कुठं, खांदा कुठं. आन् लोक हसून राहिलेत. कशाला? गड्यानं साडी नेसली म्हून? मी चाळीस वर्सं नेसलो. एक बाई हसली न्हाई."

खरंच आहे ते. लातूरला गंजगोलाईच्या बाजारात अप्पांचं साड्यांचं दुकान. गादीवर उभं राहायचं, शर्टावरूनच साडी गुंडाळायची, भराभर निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि गिऱ्हाइकापुढं एक गिरकी घ्यायची. वर मिशा, खाली जरीचा पदर. माझ्या लेकीच्या लग्नातला शालू मी अप्पांच्याच अंगावर बघून पसंत केला. लेकीला तेवढा शोभला नाही, हे आपलं तुमच्यामाझ्यात.

मालिकांवर तर त्यांचा वेगळाच राग. "भरजरी नेसून झोपली बघा ही! जर टोचत न्हाई का हिला?" आणि विनोदाच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसून खिदळणारी पाहुणी मंडळी असतात ना, त्यांच्यावर डोळा. "ह्यांना घरी कोन हसवत न्हाई वाटतं."

तर गेल्या उन्हाळ्यात अप्पांच्या मन्मथला मुलगी झाली. दुकान आता मन्मथच बघतो. बारशाचा दिवस ठरला आणि घरात पेच पडला. आमच्याकडं नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि जमलेल्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे. बुक्के पडले नाहीत तर बारसं झाल्यासारखं वाटतच नाही. आणि मन्मथला बहीण नव्हती.

"रेणापूरच्या शोभाताईला बोलावतो," मन्मथ म्हणाला. ती त्याची चुलत बहीण.

अप्पांनी टीव्ही बंद केला. "घरची आत्या असताना उसनी कशाला?"

घर असं गप्प झालं, की पाळण्यातली पोर दचकून जागी झाली.

अप्पांना लेकरं दोन. थोरला मन्मथ, धाकटा बसवराज. बसवराज सहा वर्षांपूर्वी घर सोडून नांदेडला गेला. तिथं आता सारिका म्हणून राहतो. राहते. माझ्या जिभेला वळण लागायला जरा वेळ लागला. मोबाइल दुरुस्तीचं छोटंसं दुकान चालवते. अप्पा रोज तिला फोन लावतात आणि विचारतात एवढंच, "लेकरू जेवलं का?" पलीकडून "हाव." संपला फोन. पण सहा वर्षांत तिनं घराची पायरी चढली नव्हती, आणि ये असं तिला कुणी म्हटलंही नव्हतं.

"लोक हसतील अप्पा," मन्मथ म्हणाला. "बाया भरल्या घरातून उठून जातील. माझ्या पोरीचं पहिलं कार्य हाय."

"हसू दे."

"दुकानात बसून ऐकायचं मला हाय, तुमाला न्हाई!"

अप्पांनी त्याच्याकडं पाठ केली. मला म्हणाले, "चला अक्का, गच्चीवर पापड घातलेत, बघून येऊ." वर आल्यावर पापडापाशी बसले आणि एकदमच सांगितलं.

"ह्याच घरात समदे टीव्ही बघत बसलो होतो. असाच एक गडी साडी नेसून आला, ठुमकायला लागला. बसू माझ्या बाजूला बसलेलं. ते उठलं, आत गेलं. सकाळी बघतो तर घरात न्हाई." त्यांनी एक पापड उलटला. "समद्यात मोठ्यानं मी हसलो होतो अक्का."

मी पुढचा पापड उलटला.

शेवटी मन्मथच्या बायकोनंच सोक्षमोक्ष लावला. "पोर माझी, नणंद बी माझी. येऊ द्या त्यांना." मन्मथनं हात टेकले. अप्पांनी लगोलग फोन लावला, आणि त्या दिवशी जेवणाच्या पुढची चार वाक्यं बोलले.

बारशाला सारिका सकाळच्या एसटीनं आली. डाळिंबी साडी, हातात बाळाचं झबलं. गल्लीतल्या साऱ्या खिडक्या भरलेल्या. अप्पा दारात आले. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं.

"पिना लई लावल्यास," अप्पा म्हणाले. "एवढ्या लागत न्हाईत. चल, आत ये."

पाळण्याभोवती वीसेक बाया. पाळणा म्हणून झाला. सारिका वाकली, कुर्र केलं, नाव सांगितलं. गौरी.

आता बुक्के. पण एक हात उठेना. कुणी आपला पदर सारखा करतंय, कुणी पाळण्याचं फूल. बुक्का घालायचा म्हणजे हिला आत्या मानायची, आणि ते पहिलं कुणी करायचं? सारिका वाकलेलीच. बायांच्या कार्यात पुरुषानं येऊ नये म्हणून अप्पा उंबऱ्याबाहेर, चौकट धरून उभे. चौकट सोडली असती तर पडले असते, असं त्यांचं तोंड.

माझे गुडघे दुखतात, मला उठायला वेळ लागतो. पण उठले, आणि घातला एक चांगला पाठीत. तशी रेणापूरची शोभा पुढं सरसावली. "मान गेला माझा, बुक्का कशाला सोडू?" तिनं दिला दणकून. मग काय, धपाधप, धपाधप.

"अगं हळू! लागंल की तिला!" अप्पा बाहेरून ओरडले.

"मारू द्या अप्पा," सारिका म्हणाली, आणि पाठ तशीच वाकवून ठेवली, कुणाचा राहिला असला तर.