डोक्यातली रेघ

फुलचूरहून भाची डिंपल तारांची टोपी घेऊन आली आणि पार्वताबाई धास्तावली.

"मामाच्या डोक्यात काय चाललंय ते लॅपटॉपवर दिसते, मामी," इंजिनीअरिंगला असलेली डिंपल म्हणाली. "ओळखीचं काही ऐकलं का रेघ उडते."

"सारंच दिसते?"

ईश्वरदास दोन वर्षांपासून खाटेवर होते. अर्धांगानं अंग गेलं, वाचा गेली. ऐकू येतं का, तेही कोणाला कळेना. एकेकाळी त्यांची ढोलकी घुमली की मंडईच्या जत्रेतलं दंडारीचं नाचगाणं सोडून माणूस हलत नसे. ती ढोलकी पार्वताबाईनं केशोरावला देऊन टाकली होती. त्याच केशोरावला, ज्याच्याशी ईश्वरदासांनी वाजवण्यावरूनच बोलणं टाकलं होतं.

रोज संध्याकाळी ती नवऱ्याला सांगायची, "ढोलकी पुसून ठेवली, खुंटीवर हाये." आणि लगेच, त्याच खाटेच्या पायथ्याशी बसून, शेजारच्या अल्काला, "केशोराव आपली ढोलकी काय वाजवते वो! अंगावर काटा येते."

डिंपलनं मामाच्या डोक्यावर टोपी चढवली आणि तपासायला नावानंच हाक मारली. "ईश्वरदास!"

रेघ आडवी. पुन्हा हाक. पुन्हा आडवीच.

"ऐकू येत नसन, मामी."

पार्वताबाईला हायसं वाटलं, पण ते टिकेना. म्हणजे इतके दिवस ती भिंतीशी बोलत होती? ही भीती पहिलीहून काळी होती.

"तुम्ही नाव घेऊन पाहा ना."

"हट! नवऱ्याचं नाव घेऊ का मी? या घरात त्याईले ईश्वरदास म्हनते कोन?" ती खाटेकडे वळली. "अवो..."

रेघ ताडकन उडाली.

"अवो, आयकून रायले का?"

पुन्हा उडाली. डिंपल किंचाळली, "मामी, मामाले सगळं ऐकू येते!"

"कवापासून?"

"पहिल्यापासूनच असन."

पार्वताबाईनं पदर तोंडात कोंबला. म्हणजे खुंटीही ऐकली आणि केशोरावही! ती खाटेशी टेकली. "मी देल्ली ढोलकी. मुकी टांगलेली पाहवत नोयती मले. रागावले का?"

रेघ हलेना.

"मशीन बंद पडली का, बेटी?"

"नाही मामी, चालू आहे. मामाले राग आला असता तर उडाली असती ना."

"मंग मी काऊन भेवून रायली होती इतके दिवस?"

कोणी हाक मारली नव्हती. तरी रेघ थरथरली आणि उड्याच मारू लागली. ईश्वरदासांच्या ओठाचा एक कोपरा वर सरकला होता.

"हासता?" डोळे पुसत पार्वताबाई खेकसली. "अवो, हासू नका म्हनते ना! टोपी पडन!"