विहीणबाईंसाठी सरू

माणूस ओळखण्यात माझी चूक होत असेल, झाड ओळखण्यात कधी होत नाही. रोज पहाटेच्या नमाजानंतर मी मनाशी ठरवते, आज मावळतीपर्यंत कुणावर संशय घ्यायचा नाही. माणसांच्या बाबतीत हा नेम दुपारपर्यंत तरी टिकतो. रोपवाटिकेत मात्र तो माझ्याबरोबर आतच येत नाही.

आणि त्या गुरुवारी प्रसंग मोठा होता. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीच्या, निगोराच्या, होणाऱ्या सासूबाई साओदत आमचं घर बघायला येणार होत्या. आमच्या कोकंद शहरात विहीणबाई घर बघायला येतात आणि अंगण बघून जातात. आमच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे, जर्दाळू आहे, आणि दारातून पाहिलं की नजर सरळ जाऊन आपटते तिथे संडास आहे. त्याच्यापुढे काहीतरी उंच हवं होतं.

"चादर टांग की एक," हे म्हणाले. यांचं न्हाव्याचं दुकान. जगात काय झाकायचं असेल ते चादरीनं झाकतं, अशी यांची समजूत.

रोपवाटिकेच्या कोसिमअकांनी आधी लोंबत्या फांद्यांचा वाळुंज दाखवला.

"पाहुणी दारात आल्या आल्या रडकं झाड दाखवू?"

"मग लायलॅक घ्या, मुकर्रमआपा. वसंतात पंधरा दिवस नुसता घमघमाट."

"आणि उरलेलं वर्षभर काय करतं?"

"उभं असतं."

"तेच म्हणते मी. कशासाठी उभं असतं?"

कोसिमअकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. शरदात लाल होणारं एक झुडूपही दाखवलं. रंग बदलणाऱ्याला मी घरात घेत नाही. शेवटी कोपऱ्यात सरू दिसला. सहा हात उंच, सडपातळ, बारमाही हिरवा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही.

"याला रोग?"

"नाही."

"एवढ्या पटकन नाही कसं म्हणालात?"

मी मुळांची माती चाचपली, शेंडा हुंगला, पानं मोजायची तेवढी राहिली. घेतला. तेव्हा कोसिमअका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आपा, मी मागून पाठवतो." मागून! म्हणजे वाटेत हा जाणार आणि त्याचा खुरटलेला भाऊ येणार. मी पिशवीतून निगोराच्या लग्नाच्या पेटीतली, याच भीतीनं बरोबर आणलेली मखमली चादर काढली, सरूला शेंड्यापासून मुळांच्या गोळ्यापर्यंत गुंडाळलं आणि सुईदोऱ्यानं शिवून टाकलं. आता बदला म्हणावं.

टेम्पो आमच्या गल्लीत शिरत नाही. हमालांनी झाड वाकू नये म्हणून एका शिडीवर आडवं बांधलं, चौघांनी शिडी खांद्यावर घेतली. मी दहा पावलं मागे, तोंडानं अल्लाच्या नावाची तसबीह चाललेली.

मशिदीशेजारच्या चहाखान्यात माणसं बसली होती. त्यांनी शिडी पाहिली, मखमल पाहिली. सगळे एकदम उठले, टोप्या सारख्या केल्या आणि धावत येऊन खांदा दिला. जनाजा दिसला की सात पावलं तरी खांदा द्यायचा आणि कुणाचा ते विचारायचं नाही, ही आमची रीत. हमाल बाजूला झाले. त्यांनी असा मदतीला धावणारा मोहल्ला उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते बिड्या ओढत बसले.

माझा सरू आमच्या दारावरून सरळ पुढे गेला.

"अहो, थांबा, ते आमचं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान, त्यात माझा गुरुवारचा रोजा. शेजारच्या रोबियाखोला, आमच्या सगळ्यांच्या मावशी, तेवढं ऐकून धावल्या आणि मला मिठीच मारली.

"तुमचंच होतं गं बाई. सोड आता. बायकांनी मागे जायचं नसतं."

"खोला, झाड आहे ते."

"झाडासारखीच सावली होती ती." आणि त्यांनी मला पाणी पाजायला घेतलं. रोजा आहे म्हटल्यावर आणखी रडल्या. अर्ध्या तासात माझ्या अंगणात चौदा बायका रडत होत्या, त्यातल्या तिघी संडासाच्या रांगेत.

पुढचं मला यांनी सांगितलं. कारण हेही गेले होते. गिऱ्हाइकाचा एक गाल साबणात ठेवून धावले, मागून गिऱ्हाईकही.

"कब्रस्तानात इमामांनी विचारलं, हा माणूस कसा होता? आम्ही सगळे म्हणालो, चांगला होता."

"तुम्हीसुद्धा?"

"मी म्हणालो, कधी कुणाला उलट बोलला नाही."

"कोण होता ते विचारलं नाहीत?"

"कुणीच विचारत नव्हतं. मीच विचारलं असतं तर एवढी जवळची ओळख नव्हती असं दिसलं असतं."

कबर खणणाऱ्यालाच तेवढा संशय आला. त्याला कुणी निरोप दिला नव्हता. त्याने मखमलीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मयत टोचतोय." मग शिवण उसवली.

मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला. ज्याच्यासाठी एवढी साक्ष झाली त्याला कब्रस्तानातून माघारी न्यायचं नाही. सरू तिथेच फाटकाशी लावला. चादर मात्र परत आली, जागोजागी टोचलेली.

शुक्रवारी विहीणबाई आल्या. मी मान वर केली नाही. मागे संडास उघडा, मांडवाखाली मी.

"ऐकलं मी," साओदत म्हणाल्या. "कब्रस्तानाला झाड दिलंत. मखमलीत गुंडाळून, माणसांच्या खांद्यावरून. असं घर कुठे मिळतं?"

मी खोटं काही बोलले नाही. काहीच बोलले नाही. यांना मात्र खोकला आला.

मग विहीणबाईंनी मान उचलून अंगणाच्या टोकाकडे पाहिलं, बराच वेळ. मी मनात संकट टाळायची आयत, आयतल कुर्सी, म्हणायला घेतली. निगोराचा हात माझ्या बाहीत होता.

"हे एक फार चांगलं केलंत," त्या पाण्याचं तांब्याचं भांडं उचलत म्हणाल्या. "आमच्या यांनी तिथं पुढे झाडांची रांग लावलीय. पाहुणे अंगणभर हिंडतात, आणि विचारायचीही लाज."

आणि सरळ संडासाकडे चालत गेल्या. हे माझ्याकडे बघत होते. मी द्राक्षाच्या मांडवाकडे बघत राहिले.